वास न्हाणीत, दुखणं गच्चीवर: व्हेंट पाईपच्या बाबतीत या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी न्हाणीत फिनाईलच्या तीन बाटल्या रिकाम्या केल्या, तरी वास हटेना. वरच्या घरात कुणी फ्लश केला की यांच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीच्या जाळीखाली थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्यातून, गुडगुड ऐकू यायची. प्लंबर फरशी फोडायच्या बेतात होता. दोष सापडला गच्चीवर. पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्याची शेड घातली, तेव्हा मध्ये येतो म्हणून कारागिराने व्हेंट पाईप, म्हणजे सांडपाण्याच्या उभ्या पाईपचं गच्चीवर हवेसाठी उघडं ठेवलेलं टोक, पत्र्याखालीच कापला होता. वर तोंडाला प्लास्टिकची पिशवीही बांधली होती, अगदी नीट गाठ मारून.

या पाईपला आपण ‘गॅस पाईप’ म्हणतो आणि तिथेच फसतो. त्यातून घाणेरडी हवा बाहेर जाते हे खरं, पण बाहेरची हवा आत येणंही तितकंच गरजेचं असतं. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, म्हणून आपण समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. व्हेंट पाईप म्हणजे इमारतीचं ते दुसरं भोक. फ्लशचं पाणी उभ्या पाईपमधून धबाधबा खाली जाताना मागे हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही, तर ते जवळच्या ट्रॅपमधून ओढतं आणि ट्रॅपमधलं पाणीही सोबत नेतं. ते पाणी असतं साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. गटार आणि घर यांच्यामध्ये तेवढाच दरवाजा असतो.

तोंड बांधणे

शेड घालायची असेल तर पत्र्याला भोक पाडून पाईप वर काढून घ्या. शेडखाली सोडला तर सगळा वास शेडमध्ये कोंडतो.

सेप्टिक टँक असलेल्या घरांत प्रश्न डासांचा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशा टाकीत मजेत वाढतो, म्हणून गॅस पाईपला जाळी बांधा असं सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण आपण बांधतो काय, तर जुना बनियन! धूळ आणि ओल बसून महिन्याभरात त्याचा बोळा होतो. जाळी नायलॉनची किंवा न गंजणारी हवी, आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा झटकायला हवी. भारतीय मानकानुसार सेप्टिक टँकचा व्हेंट किमान 50 मिलिमीटर व्यासाचा असावा. टाकी इमारतीपासून 15 मीटरच्या आत असेल तर त्याचं टोक इमारतीच्या माथ्यापेक्षा 2 मीटर वर हवं. आपल्याकडे बहुतेक टाक्या घराला खेटूनच असतात, आणि पाईप मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी संपतो.

वाटी काढून फेकणे

पाणी सावकाश जातं म्हणून जुन्या नहाणी ट्रॅपच्या जाळीखालची वाटी काढून टाकणारे घरोघरी भेटतात. पाणी जोरात जातं खरं, पण पाण्याचा अडसर गेल्यामुळे गटार थेट न्हाणीत उघडतं. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप काढून सरळ नळी जोडली तरी तेच. मग व्हेंट कितीही मोकळा असो, वास येणारच.

पावसाचं पाणी त्यात सोडणे

गच्चीचं पाणी ‘आयता पाईप आहे’ म्हणून व्हेंटमध्ये सोडू नका. मोठी सर आली की हवेची वाट पाण्याने भरते, आणि तळमजल्यावरच्या ट्रॅपमधून बुडबुडे आणि कधीकधी मैलाही वर येतो.

न बघताच निदान

सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर वास आला तर आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. उन्हाळ्यात ट्रॅप सुकतात. जाण्याआधी वरून चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. एकाच बेसिनचं पाणी तुंबत असेल तर कचरा तिथेच अडकलेला असतो. सगळ्यात खालच्या घरात पाणी उलटं येत असेल तर बाहेरचं गटाराचं चेंबर उघडा. आणि एकाने फ्लश केल्यावर दुसऱ्याचा ट्रॅप गुडगुडत असेल, पण पाणी कुठे तुंबत नसेल, तर गच्चीचा रस्ता धरा.

वर व्हेंट पाईपची टोपी काढून टॉर्चने आत पाहा. बहुधा पाला नाहीतर कबुतराचं घरटं. ते बांबूने खाली ढकलण्याचा मोह आवरा, कारण ते पाईपच्या तळच्या वळणात जाऊन बसलं की काम चौपट. आकडा केलेल्या तारेने वर ओढा. काम चालू असताना बिडी-काडी लांब ठेवा, आतल्या हवेत मिथेन असू शकतो. पाईप कठड्याबाहेर असेल तर स्वतः वाकू नका. सेप्टिक टँकमध्ये तर कुणालाच उतरवू नका. सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवायला हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि तिथला वायू दोन-चार श्वासांत माणसाला पाडतो.

काकूंच्या न्हाणीचं म्हणाल, तर फरशी शाबूत राहिली. पत्र्याला भोक पाडून, कपलर (दोन पाईप जोडणारा तुकडा) लावून पाईप वाढवला, नवी टोपी बसवली, आणि गुडगुड त्याच दिवशी थांबली. भोकाभोवती सिलिकॉन भरलं होतं, ते पहिल्याच पावसात गळलं. पण ते भांडण आता शेडवाल्याशी.