विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागताना या चुका टाळा

निकाल अडकला, शिष्यवृत्ती जमा झाली नाही किंवा प्रवेश रद्द करूनही शुल्क परत मिळेना, की ‘सरळ लोकपालांकडे जा’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थी तक्रार निवारण विनियम अधिसूचित केले आणि प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल नेमणे बंधनकारक केले. संलग्न महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यांच्याच कक्षेत येतात. मात्र हे लोकपाल अपील ऐकतात, पहिली तक्रार नाही. त्यामुळे पहिल्या अर्जात तुम्ही काय लिहिले आणि तो कोणत्या तारखेला दिला, यावर पुढचे जवळपास सगळे अवलंबून असते.

समितीला वगळून थेट लोकपालांना पत्र लिहिणे

आधीचे उपाय वापरल्याशिवाय लोकपाल अपील ऐकत नाहीत. पहिली तक्रार जाते ती संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. विभागप्रमुखांना केबिनमध्ये भेटलात, प्राचार्यांना व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवलात, तर ती तक्रार धरली जात नाही. ऑनलाइन पोर्टल ठेवणे संस्थेला सक्तीचे आहे. अर्ज तिथे भरा, तक्रार क्रमांक दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. पोर्टल बंद असेल तर तोच अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

समिती कशी असायला हवी हेही पाहून घ्या. अध्यक्ष प्राध्यापक, चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक सदस्य, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. अध्यक्ष व सदस्यांत किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील हवी. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान सदस्यसंख्या, तीनची असते आणि विद्यार्थी प्रतिनिधी त्यात मोजला जात नाही. दोघांनीच बसून निर्णय दिला असेल, तर अपिलात तो मुद्दा स्वतंत्रपणे मांडा.

तारखांचा घोळ

संस्थेने तक्रार आपल्या अभिप्रायासह १५ दिवसांत समितीकडे पाठवायची असते. समितीने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. निर्णय मिळाल्यावर अपिलासाठी तुमच्या हातात १५ दिवस असतात आणि ते साधे दिवस आहेत, कामकाजाचे नव्हेत. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो: समितीची मुदत कामकाजाच्या दिवसांत, म्हणून आपलीही तशीच असेल असे गृहीत धरले जाते आणि दिवाळीच्या सुट्टीत अपिलाची मुदत टळून जाते. निर्णय ज्या ईमेलने आला तो जपून ठेवा. मुदत त्या तारखेपासून मोजायची आहे.

अपील आल्यावर लोकपालांनी ३० दिवसांत निकाल देण्याचा पुरेपूर प्रयत्न करायचा असतो. सगळी मुदत पुरती वापरली गेली तर एकूण अडीच-पावणेतीन महिने सहज जातात. प्रवेशफेरीतल्या गोंधळाची तक्रार म्हणूनच त्याच दिवशी नोंदवावी.

समिती गप्प बसली तर? मुदतीत न सुटलेले प्रकरण विद्यापीठ लोकपालांकडे पाठवू शकते. पण आपोआप कोणी पाठवेल या भरवशावर राहू नका. मूळ तक्रारीची पोच जोडून कुलसचिवांना लेखी विनंती करा आणि त्याची प्रत लोकपालांच्या कार्यालयाला द्या.

‘गुण वाढवून मिळावेत’ एवढेच लिहिणे

असे अपील दारातूनच परत येते. पुनर्मूल्यांकन किंवा फेरतपासणीचा नुसता अर्ज लोकपाल स्वीकारत नाहीत. निकालावर प्रत्यक्ष परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाची नेमकी घटना दाखवली तरच विचार होतो.

‘खूप अभ्यास करूनही माझ्यावर अन्याय झाला’ हे वाक्य उपयोगाचे नाही. ‘सत्र ३, सांख्यिकी, प्रश्न ४(ब) तपासलेलाच नाही; उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रतीत पान ११ वर गुणांची नोंद नाही; हा प्रश्न ८ गुणांचा आहे आणि मी ३ गुणांनी अनुत्तीर्ण आहे’ हे उपयोगाचे आहे, कारण यात चूकही दिसते आणि तिचा निकालावरचा परिणामही. म्हणून छायांकित प्रत आधी मिळवा. परीक्षा विभाग टाळाटाळ करत असेल तर माहितीचा अधिकार वापरा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे.

माहितीपत्रक जपून न ठेवणे

प्रवेशाचे धोरण, शुल्क, वसतिगृह, प्रयोगशाळा यांविषयीची तक्रार माहितीपत्रकात काय लिहिले होते यावरच तपासली जाते. जाहीर शुल्कापेक्षा जास्त पैसे मागणे, आश्वासन दिलेल्या सोयी न देणे, माहितीपत्रकात खोटी माहिती छापणे हे सगळे तक्रारीचे विषय आहेत. संकेतस्थळावरचे माहितीपत्रक वर्षभरात बदलते किंवा काढूनच टाकले जाते. प्रवेश घेताना त्याची पीडीएफ उतरवून ठेवा, शुल्काच्या पावत्यांसह. सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून उरलेले शुल्क वसूल करण्यासाठी मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे हीसुद्धा तक्रारच आहे. प्रमाणपत्रे जमा करताना त्यांची यादी करून सही घेतलेली असेल, तर ही तक्रार सिद्ध करायला फार त्रास पडत नाही.

चुकीच्या दारावर जाणे

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत करावी. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा टोल फ्री क्रमांक आणि संस्थेची रॅगिंगविरोधी समिती. फौजदारी स्वरूपाच्या छळासाठी पोलीस. लोकपालांची वाट पाहत अशा प्रकरणांत एक दिवसही घालवू नये. शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी या विनियमांत येतच नाहीत. प्रवेशासाठी अर्ज केलेला उमेदवार मात्र येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

‘त्या सरांना निलंबित करा’ अशी मागणीही करू नका. लोकपालांना दिलेला अधिकार विद्यार्थ्याला दिलासा देण्याचा आहे. शुल्क परत हवे, निकाल हवा की प्रमाणपत्र, ते शेवटच्या परिच्छेदात क्रमांक टाकून मागा. खोटी किंवा उथळ तक्रार केल्यास तक्रारदारावर कारवाईची शिफारस होऊ शकते, पण तक्रार फेटाळली गेली म्हणजे ती खोटी ठरली असे नव्हे. त्या धाकाने गप्प बसू नका.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीला स्वतः जाता येते किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. प्रतिनिधीला सहीचे अधिकारपत्र द्या. भेदभावाच्या तक्रारीत लोकपाल न्यायमित्राची (सुनावणीत त्यांना साहाय्य करणाऱ्या व्यक्तीची) मदत घेऊ शकतात, ती हवी असल्यास आधीच लेखी मागा. आदेश कारणांसह आणि लोकपालांच्या सहीने मिळायला हवा.

आदेश मिळाला म्हणजे काम झाले असे मानून फाइल बंद करू नका. संस्थेने पालन केले नाही तर लोकपालांनी ते आयोगाला कळवायचे असते, पण पालन झालेले नाही हे त्यांना कळवणार तुम्हीच. आदेशाच्या प्रतीसह तारखेनिशी पत्र द्या. आयोग संस्थेचे अनुदान रोखू शकतो, संलग्नता काढण्याची शिफारस करू शकतो, वर्तमानपत्रांतून जाहीर नोटीसही देऊ शकतो.