स्पर्धेच्या पिस्तुलासाठी रेड डॉटचा आकार कसा निवडावा

रेड डॉट साइट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारे साधन, घेताना बहुतेक नवे नेमबाज आधी कंपनी पाहतात, मग किंमत पाहतात, आणि ठिपक्याचा आकार दुकानात जो उपलब्ध असेल तो पत्करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण एकाच कंपनीची एकच साइट दोन-तीन आकारांच्या ठिपक्यांत मिळते आणि सामन्यात रोज जाणवणारा फरक त्या आकाराचाच असतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दहा मीटर एअर पिस्तूल, पंचवीस मीटर पिस्तूल आणि रॅपिड फायर या आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) प्रकारांत ऑप्टिकल साइटला परवानगी नाही. तिथे उघडी साइटच, म्हणजे पिस्तुलावरची धातूची खाच आणि माशीच, वापरावी लागते. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात मिळवलेले सुवर्णपदकही उघड्या साइटवरचेच आहे. त्यामुळे महाराष्ट्रात याच प्रकारांची तयारी करणाऱ्याने स्पर्धेसाठी रेड डॉटवर खर्च करू नये. रेड डॉटचे खरे क्षेत्र म्हणजे आयपीएससी (वेगाच्या ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि तिची अमेरिकेतील शाखा यूएसपीएसए यांचे वेगाचे सामने, पोलादी लक्ष्यांचे स्टील चॅलेंज आणि अमेरिकेतील बुल्सआय, म्हणजे कागदी वर्तुळांवरची अचूक नेमबाजी. १९९० साली ॲडलेड येथील आयपीएससी जागतिक स्पर्धा डग कोनिग यांनी ऑप्टिक लावलेल्या पिस्तुलाने जिंकली आणि ओपन विभागात, म्हणजे पिस्तुलात मोकळेपणी बदल करू देणाऱ्या विभागात, उघडी साइट झपाट्याने मागे पडली. आता कॅरी ऑप्टिक्स आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्स या विभागांमुळे साध्या पिस्तुलाच्या स्लाइडवरही (गोळी सुटताना मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरही) रेड डॉट आला आहे.

ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात. एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आणि शंभर मीटरवर तो साधारण २.९ सेंटीमीटर भरतो. म्हणून सहा एमओएचा ठिपका दहा मीटरवर पावणेदोन सेंटीमीटर, पंचवीस मीटरवर सुमारे ४.४ सेंटीमीटर आणि पन्नास मीटरवर पावणेनऊ सेंटीमीटर एवढी जागा झाकतो. अडीच एमओएचा ठिपका पंचवीस मीटरवर दोन सेंटीमीटरही झाकत नाही. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, पण आपण ज्या लक्ष्यावर गोळी झाडणार आहोत त्याच्या मापाशेजारी ते एकदा मांडून पाहावेत.

आयपीएससीच्या कागदी लक्ष्यावरचा ‘ए’ विभाग सुमारे १५ सेंटीमीटर रुंद असतो. पंचवीस मीटरवर त्यावर सहा एमओएचा ठिपका ठेवला, तर तो त्या रुंदीच्या एक तृतीयांशाहूनही कमी भाग व्यापतो, आणि या सामन्यांतील बरीचशी लक्ष्ये तर पंचवीस मीटरपेक्षा पुष्कळ जवळ असतात. म्हणजे मोठा ठिपका लक्ष्य झाकून टाकील ही भीती या खेळात बहुतेक वेळा निराधार आहे. बुल्सआयची गोष्ट वेगळी आहे. तिथे पन्नास यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ साधारण साडेआठ सेंटीमीटर व्यासाचे असते आणि सहा एमओएचा ठिपका ते जवळजवळ पूर्ण झाकतो. अशा संथ, अचूक नेमबाजीसाठी तीन एमओएच्या आसपासचा ठिपका मला योग्य वाटतो.

वेगाच्या सामन्यांसाठी पहिली साइट घेत असाल, तर पाच किंवा सहा एमओए घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पिस्तूल होल्स्टरमधून वर येते तेव्हा नजर लक्ष्यावर खिळलेली असते आणि ठिपका तिच्यासमोर आपोआप उमटावा लागतो. मोठा ठिपका त्या क्षणी शोधावा लागत नाही. दुसरे कारण ट्रिगरशी निगडित आहे. लहान ठिपक्यात हाताचा प्रत्येक बारीक कंप दिसतो, आणि तो स्थिर होण्याची वाट पाहता पाहता नवा नेमबाज नेमक्या ‘योग्य’ क्षणी ट्रिगर झटकतो, त्यामुळे गोळी खाली आणि बाजूला जाते. हात तितकाच हलत असूनही मोठ्या ठिपक्यात ती थरथर कमी जाणवते आणि बोट सलग दाबत राहते. ज्यांचा ट्रिगर पक्का बसला आहे आणि जे दूरच्या स्टीलवर वेळ घालवतात, त्यांनी अडीच ते साडेतीन एमओएकडे जरूर वळावे.

तरीही छापील आकडा ही निम्मीच माहिती आहे, कारण डोळ्याला दिसणारा आकार प्रकाशमानतेवर अवलंबून असतो. तेज वाढवले की ठिपक्याभोवती लाल झळाळी पसरते आणि अडीच एमओए चारसारखा दिसू लागतो. लहान ठिपका घेणारे पुष्कळ जण तो चटकन सापडावा म्हणून तेज चढवतात आणि ज्या बारीकपणासाठी जादा विचार केला तोच गमावून बसतात. याची तपासणी घरी करता येते. साइट पिस्तुलावरून काढून हातात घ्यावी, कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या कागदाची दीड सेंटीमीटर व्यासाची चकती चिकटवावी आणि दहा मीटर अंतरावरून पाच एमओएचा ठिपका तिच्यावर आणावा. तेज बरोबर असेल तर ठिपका चकतीच्या कडेशी जुळतो. लाल रंग कडेबाहेर सांडत असेल तर एकेक पायरी उतरवत जावे. अडीच एमओएसाठी चकती सात मिलिमीटरची करावी. अशी तपासणी उन्हात आणि बंदिस्त रेंजच्या दिव्याखाली वेगवेगळी करावी लागते, कारण दोन्हीकडे लागणारी पायरी एक नसते. साइट स्वतः तेज ठरवणारी असेल, तर शक्यतो ती सोय बंद ठेवावी: नेमबाज सावलीत आणि लक्ष्य उन्हात असले की साइट सावलीचा प्रकाश मोजते आणि ठिपका नेमका तेव्हाच फिका पडतो.

ठिपका गोल दिसण्याऐवजी शेपूट फुटल्यासारखा किंवा चांदणीसारखा दिसला, तर साइट परत करण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. कॅमेऱ्यात तो स्वच्छ गोल असेल तर दोष बहुधा आपल्या डोळ्यातील ॲस्टिग्मॅटिझमचा (डोळ्याच्या असमान वक्रतेचा) आहे, आणि साइट हातात फिरवली तरी शेपूट त्याच दिशेला राहते. अशांनी नेमबाजीच्या चष्म्यात योग्य नंबर घालून मगच आकार ठरवावा. काही जणांना त्यावर वर्तुळाचा चांगला उपयोग होतो. होलोसन ५०७सी मध्ये दोन एमओएच्या ठिपक्याभोवती ३२ एमओएचे वर्तुळ लावता येते, जे दहा मीटरवर सुमारे नऊ सेंटीमीटरचे दिसते. जवळच्या लक्ष्यांवर ते झपाट्याने सापडते, पण लहान स्टीलवर दृश्य गजबजते, म्हणून सरसकट शिफारस मी करणार नाही.

काचेचा आकार हा वेगळा प्रश्न असला तरी ठिपक्याच्या निवडीत तो येतोच. स्लाइडवर बसवलेली साइट प्रत्येक गोळीबरोबर मागे-पुढे धावते आणि ठिपका वर उडून पुन्हा खाली येतो. काच उंच असेल तर तो नजरेआड कमी वेळ राहतो. ट्रिजिकॉनची आरएमआर दणकट आहे, पण स्पर्धेसाठी त्याच कंपनीची एसआरओ मोठ्या काचेमुळे अधिक सोयीची पडते, आणि ती १, २.५ आणि ५ अशा तीन आकारांत मिळते. ओपन पिस्तुलात साइट फ्रेमवर पक्की असते, ती स्लाइडबरोबर हलत नाही, आणि कॉम्पेन्सेटरमुळे (नळीच्या टोकाशी वायू वर सोडणाऱ्या भागामुळे) नळीचा झटकाही कमी होतो. तिथे सहा किंवा आठ एमओएचा ठिपका वापरणारे नेमबाज त्यामागे फार शोधाशोध करत नाहीत.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी क्लबमधल्या दोघा-तिघांच्या पिस्तुलांवर वेगवेगळे ठिपके पाहून घ्यावेत. पाहताना ठिपक्याकडे टक लावू नये. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्यावरची एक बारीक खूण पाहावी आणि ठिपका तिच्यावर तरंगू द्यावा. निवड झाली की स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून साइटवर रंगाची एक रेघ ओढावी, आणि सामन्यातील सर्वांत दूरच्या नेहमीच्या अंतरावर, बहुधा पंचवीस मीटरवर, टेकू घेऊन साइट झीरो करावी, म्हणजे ठिपका असेल तिथेच गोळी लागेल अशी जुळवावी. ती रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू सैल झाला आहे हे समजावे, आणि तो पुन्हा आवळल्यावर झीरोही पुन्हा तपासावा.