काट्यावरचा आकडा पडताळून कसा घ्यावा

भाजीवाल्याचा काटा, सराफाची तुला, पंपावरचे मीटर, घरातली तापमापी आणि रक्तदाबाचे यंत्र यांच्या आकड्यांवर आपण रोज पैसे मोजतो आणि औषधेही घेतो. या आकड्यांवर विश्वास ठेवणे बहुतेक वेळा योग्यच असते, कारण त्यांच्यामागे वैधमापनशास्त्राची, म्हणजे वजने-मापे कायद्याने तपासण्याची, एक शिस्तबद्ध यंत्रणा उभी आहे. मात्र तपासनीस वर्षातून एकदा येतो आणि ग्राहक रोज येतो, त्यामुळे ग्राहकाला काय पाहावे हे ठाऊक नसेल तर ही यंत्रणा अपुरी पडते, असे मला ठामपणे वाटते. काय पाहावे हे शिकायला थोडा वेळ पुरतो आणि त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

कोणत्याही मापाविषयी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हे माप कशाशी ताडून पाहिले आहे, हा पहिला प्रश्न. आणि यात किती चूक चालते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका लांब साखळीत मिळते. दुकानातली वजने निरीक्षकाच्या प्रमाण वजनांशी ताडली जातात, ती वजने वरच्या दर्जाच्या प्रमाणांशी, आणि असे करत करत ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. पॅरिसजवळ जपलेल्या मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रतिकृती तेथेच आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या त्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेली नाही. ती प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या कधीही न बदलणाऱ्या राशीच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर बेतलेली आहे. बाजारातल्या किलोत त्यामुळे काही फरक पडला नाही, आणि तो पडू नये अशीच त्या बदलाची काटेकोर आखणी होती.

आता दुकानातल्या काट्याकडे वळू. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन (तपासल्याची शासकीय मुद्रा उमटवणे) दर १२ महिन्यांनी, तर साधी वजने, लिटरची मापे आणि दांडीचा तराजू यांचे दर २४ महिन्यांनी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात सहज दिसेल अशा जागी लावलेले असले पाहिजे, तेव्हा प्रथम ते पाहावे आणि त्यावरची पुढील पडताळणीची तारीख वाचावी. काट्याला तारेने अडकवलेले सील अखंड आहे का, हेही पाहावे. मुद्रेवर वर्षाचे आकडे आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. हे अक्षर वर्षातली तिमाही सांगते, म्हणजे ए हे अक्षर जानेवारी ते मार्च या काळातली पडताळणी दाखवते.

यानंतर काट्याच्या पट्टीवर छापलेली माहिती वाचावी, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते. ‘मॅक्स’ म्हणजे कमाल वजन, ‘मिन’ म्हणजे किमान वजन आणि ‘ई’ म्हणजे पडताळणीसाठी धरलेले अंतर, म्हणजे काट्यावरच्या दोन लागोपाठच्या आकड्यांमधला टप्पा. किराणा दुकानात नेहमी दिसणाऱ्या ३० किलोच्या, ५ ग्रॅम अंतराच्या काट्याचे उदाहरण घेऊ. हा अचूकतेच्या तिसऱ्या वर्गातला काटा असून त्याचे किमान वजन अंतराच्या २० पट, म्हणजे १०० ग्रॅम, असते. याचा सरळ अर्थ असा की ५० ग्रॅम वेलदोडे या काट्यावर तोलून घेऊ नयेत. आकडा उमटेल, पण त्या आकड्यामागे कायद्याची हमी नसेल. वेलची, केशर, सुकामेवा असा महाग आणि थोडा माल लहान अंतराच्या काट्यावरच तोलायला सांगावा. ग्राहक म्हणून आपले सर्वाधिक नुकसान इथेच होते, आणि त्याबद्दल बोलले मात्र फार कमी जाते.

चूक किती चालते, याचेही नियम ठरलेले आहेत. वरच्या काट्यावर अडीच किलोपर्यंतच्या वजनाला पडताळणीच्या वेळी अडीच ग्रॅम आणि प्रत्यक्ष वापरात त्याच्या दुप्पट, म्हणजे ५ ग्रॅम, इतका फरक चालतो. त्यामुळे एक किलो साखर घरच्या काट्यावर ९९६ ग्रॅम भरली तर लगेच दुकानदाराला दोष देऊ नये. ९६० ग्रॅम भरली तर मात्र जाब विचारावा.

तोलताना माल ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे का हे पाहावे, तोलला जाईपर्यंत आकड्यावरची नजर हटवू नये आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. मिठाई खोक्यासकट तोलणे नियमाला धरून नाही. रिकामे खोके आधी ठेवून, ‘टेअर’चे बटण दाबून शून्य करून घेण्याचा आग्रह धरावा, कारण खव्याच्या मिठाईच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्याचे काहीच कारण नाही. शंका आली तर दुकानातलेच मुद्रांकित वजन काट्यावर, आधी मधोमध आणि मग एका कोपऱ्यावर, ठेवायला सांगावे. दोन्ही ठिकाणी आकडा सारखाच यायला हवा.

इलेक्ट्रॉनिक काटा खरे तर वस्तू खाली ज्या बलाने दाब देते ते बल मोजतो, आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते. दिल्लीत जुळवलेला काटा पुन्हा न जुळवता मुंबईत आणला तर १० किलोच्या वजनाला तो पाच-सहा ग्रॅम कमी दाखवील. म्हणूनच दूरच्या गावाहून आणलेला काटा जागेवर जुळवून, पडताळून घेतल्याशिवाय वापरू नये. दांडीच्या तराजूला ही अडचण येत नाही, कारण त्याच्या दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखेच काम करते.

सोने खरेदी करताना काचेच्या पेटीतल्या, मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच दागिना तोलून घ्यावा आणि पेटीची दारे बंद होईपर्यंत थांबावे, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. खड्यांचे वजन वेगळे काढून पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन लिहून घ्यावे. आज सराफ तोळा म्हणतात तेव्हा ते बहुधा १० ग्रॅम धरतात. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. घरातल्या जुन्या याद्या वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. शुद्धतेसाठी दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, २२ कॅरेटसाठी ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याची वेगळी ओळख-खूण, पाहावी. ही खूण ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये भरली की दागिन्याची नोंद समोर येते.

पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर आहे का हे पाहण्याची सवय बहुतेकांना असते, पण ५ लिटरच्या मुद्रांकित मापाने पडताळणी मागण्याचा हक्क फारच थोडे लोक वापरतात. हे माप प्रत्येक पंपावर असावे लागते. ते आधी एकदा भरून, रिकामे करून, थेंब निथळू द्यावेत. कोरड्या मापात भरले तर भिंतींना चिकटणाऱ्या इंधनामुळे आकडा फसवा येतो. मग मीटरवर ५ लिटर घेऊन पातळी पाहावी. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून अधिक तूट चालत नाही. इंधनाची घनता पंपावर लिहिलेली असते आणि ती तपासण्याची साधनेही तेथेच असतात. मोजलेली घनता १५ अंशांच्या तापमानाच्या हिशोबात बदलून घेतल्यावर नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोग्रॅमहून अधिक वेगळी निघाली तर भेसळीची शंका घ्यावी. पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते, या समजुतीवर मात्र विसंबू नये. पेट्रोल अंशामागे साधारण ०.१ टक्का प्रसरण पावते हे खरे. पण ते जमिनीखालच्या टाकीत असते आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

घरातला स्वयंपाकाचा काटा तपासायला नाणी कामी येतात. २०११ च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे, २३ मिलिमीटर व्यासाचे असते. अशी दहा नाणी काट्यावर ६० ग्रॅम दाखवायला हवीत. २०१९ च्या मालिकेतले पाचाचे नाणे ६.७४ ग्रॅमचे आहे, म्हणून दोन्ही मालिका मिसळू नयेत, आणि झिजलेली नाणी घेऊ नयेत. काटा खरा निघाला की त्यावरून लिटरचे भांडे तपासता येते, कारण ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाण्याचे वजन सुमारे ९९६ ग्रॅम भरते.

स्वयंपाकाची तापमापी बर्फाच्या चुऱ्यात थोडे थंड पाणी घालून, ढवळून, टोक भांड्याला न टेकवता धरून पाहावी. तेथे शून्य दिसले पाहिजे. उकळत्या पाण्याची कसोटी मात्र गावाची उंची पाहून लावावी. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना उकळते, तेव्हा तेथे १०० न दिसणे हा तापमापीचा दोष नव्हे. तापाच्या डिजिटल तापमापीला या दोन्ही कसोट्या लावू नयेत, कारण ती शरीराच्या तापमानाच्या आसपासच काम करते. कोमट पाण्यात दोन तापमाप्या शेजारी शेजारी धरून ताडून पाहणे हा तिच्यासाठी योग्य मार्ग आहे. सुताराच्या टेपचे टोक थोडे हलते म्हणून ती टाकून देऊ नये. ते टोक आपल्या जाडीइतके सरकते, म्हणजे आतून आणि बाहेरून, दोन्ही प्रकारे घेतलेले माप बरोबर येते.

रक्तदाब मोजताना यंत्रापेक्षा आपल्या बसण्यामुळेच अधिक चुका होतात. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले असावेत, दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीवर असावा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा पाऱ्याच्या सात-आठ मिलिमीटरने वाढलेला दिसतो. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा घ्यावा, कारण अरुंद पट्टा रक्तदाब जास्त दाखवतो. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवावेत. डॉक्टरांकडे जाताना आपले यंत्रही बरोबर न्यावे आणि तेथल्या यंत्राशी एकदा ताडून घ्यावे, म्हणजे घरच्या नोंदी किती भरवशाच्या आहेत हे दोघांनाही कळते.

बाजारात चूक ठरलेल्या मर्यादेपलीकडे सापडली तर तेथेच वाद घालण्यापेक्षा पावती, दुकानाचे नाव व पत्ता, तारीख, वेळ आणि काट्यावरच्या आकड्याचे छायाचित्र जमवावे. मग जिल्ह्यातल्या वैधमापनशास्त्र कार्यालयात लेखी तक्रार द्यावी किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवावी. माल तसाच, पिशवी न उघडता ठेवावा. उघडलेल्या पिशवीचे वजन नंतर पुरावा म्हणून टिकत नाही.