देशी रानफुलांची बाग लावताय? या चुका टाळा

पिटुनिया लावला, गुलाब लावला, पण फुलपाखरू फिरकत नाही, अशी तक्रार आमच्या सोसायटीत दर गणपतीच्या सुमारास कोणीतरी करतंच. पुण्यातल्या गच्चीवर बरीच वर्षं खटपट केल्यावर माझं मत असं झालंय, की चूक फुलांत कमी आणि आपल्या टापटिपीत जास्त असते.

फुलातला मध लागतो तो उडणाऱ्या फुलपाखराला. अळीला पानं लागतात, तीही ठरलेल्या झाडाची. प्लेन टायगर फुलपाखराची मादी रुईवर अंडी घालते, गुलाबावर नाही. लाइम आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांना लिंबू किंवा कढीपत्ता लागतो, टेल्ड जेला सीताफळ, पिवळ्या ग्रास यलोला टाकळा, डॅनाइड एगफ्लायला घोळ. टाकळा आणि घोळ आपणही खातो. पण तेच रोप कुंडीत आपणहून उगवलं की ‘तण’ म्हणून पहिलं उपटलं जातं. निदान चार रोपं राहू द्या, दोन भाजीला आणि दोन अळ्यांना. खाद्यझाड एकच ठेवू नका. रुईचं लहान रोप चार-पाच अळ्या बघता बघता फस्त करतात आणि मग उपाशी राहतात. रुई हाताळताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, एवढं मात्र पथ्य पाळा.

पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप बाहेर येतो. मीही हेच केलं होतं. कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे ठिपके दिसले, म्हणून नीमतेल मारलं. ते ठिपके म्हणजे मॉरमॉनच्या कोवळ्या अळ्या होत्या. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. नीमतेल सेंद्रिय असलं तरी अळीसाठी ते औषधच. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे. रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा किंवा सरळ सोडून द्या. ढालकिडे (लेडीबर्ड) त्याच्या मागोमाग येतात आणि तो खातात. नर्सरीतून झाड आणताना त्यावर कीटकनाशक मारलंय का, हे विचारून घ्या. काही औषधं मुळांतून वर चढून पानांत आणि मधातही उतरतात.

‘रानफुलांचं मिश्र बी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा कॉसमॉस, गेलार्डिया असलं परदेशी बी असतं. कॉसमॉसवर फुलपाखरं येतात, हे खरंच आहे. घाणेरीवरही येतात. पण पिवळा कॉसमॉस आज टेकड्यांच्या उतारांवर पसरून गवत आणि स्थानिक फुलं झाकून टाकतोय, आणि त्याचं बी आपल्या कुंडीतूनही बाहेर पसरतं. दुसरं टोक म्हणजे कासच्या पठारावरून रोपं उपटून आणणं. ते करू नयेच, आणि केलंत तरी हाती काही लागत नाही: जांभ्यावरच्या बोटभर मातीत पावसाच्या पाण्यावर जगणारी झाडं कुंडीतल्या खतमातीत कुजतात. त्यापेक्षा आपल्याच भागातला तेरडा, खुळखुळा, कोरांटी, टाकळा यांचं बी गोळा करा. रस्त्याकडेला भरपूर असतं, थोडंच घ्या. भरगच्च पाकळ्यांची सुधारित वाणं नकोत. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मधमाशीच्या वाट्याला परागकण उरत नाहीत.

बी उगवलं नाही, हा सर्वांत नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर बहुधा कॅलेंडरात सापडतं. ही झाडं पाऊस संपता संपता बी टाकतात, ते उन्हाळाभर मातीत भाजतं आणि मृगात उगवतं. फेब्रुवारीत पेरून रोज पाणी घालत बसलात तर हिरमोडच होणार. मेअखेरीस पेरा. टाकळ्याच्या बियांचं कवच टणक असतं. त्या पॉलिशपेपरवर जराशा घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. रोप वाढतं पण फुलत नाही, अशी परिस्थिती असेल तर शेणखत कमी करा आणि ऊन वाढवा. मुरमाड मातीत वाढणाऱ्याला पंचपक्वान्नं घातली तर तो पानंच काढत बसतो.

मग येते दिवाळीची साफसफाई. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरं, पण त्याची वाळकी झाडं उपटून टाकली तर पुढच्या वर्षीचं बीही कचऱ्यात जातं. खुळखुळ्याचं सुकलेलं झाड तर मुद्दाम ठेवा: टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर त्याचा रस चोखायला जमतात. त्यातल्या रसायनांपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. एखादा जुना लाकडी ओंडका कोपऱ्यात असू द्या, काळा भुंगा त्यात भोक पाडून घर करतो. सगळी जमीन फरशीने किंवा आच्छादनाने झाकू नका. बऱ्याच एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बिळं उघड्या मातीतच असतात. एका पसरट ताटलीत माती घालून ती ओली ठेवा. चिखलातले क्षार शोषायला फुलपाखरं, विशेषतः नर, येतात.

कोष काळा पडलाय म्हणून फेकू नका. आतून पंखांची नक्षी दिसत असेल तर बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येईल. कोषाला बारीक गोल भोक असेल तर मात्र आत फुलपाखरू नाही. एखाद्या परजीवी गांधीलमाशीने आपली पिल्लं तिथे वाढवली आणि ती निघूनही गेली. वाईट वाटतं, पण ही माशीही मध प्यायला त्याच तेरड्यावर येते.