‘लिक’च्या समोर काय लिहायचं?

इंग्रजीतून मराठीत सबटायटल करायला लागून मला अकरा वर्षं झाली. या कामात नव्याने येणारी मुलंमुली पहिल्यांदा सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. सॉफ्टवेअर चार दिवसांत हाताला बसतं. हरणाऱ्याचे शब्द, म्हणजे ‘हरवणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांचे विरुद्धार्थी, बसायला मात्र मला वर्षं लागली, म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

जिंकणाऱ्याचे शब्द सगळेच गोळा करतात. थ्रॅश, व्हिप, क्रीम, स्मोक, क्लॉबर. अमेरिकी बोलीत समोरच्याला लोळवायला क्रियापदांची कमतरता नाही. शाळेत आपण जय-पराजय, हार-जीत अशा जोड्या पाठ केल्या, त्यामुळे वाटतं की या प्रत्येक शब्दासमोर ‘हरणे’ लिहिलं की झालं. पडद्यावर तसं होत नाही. माणूस हरतो म्हणजे नेमकं काय करतो, यावर अख्खा प्रसंग उभा असतो.

माझी पहिली मोठी चूक ‘फोल्ड’ या शब्दावर झाली. पोकरच्या टेबलावरचं दृश्य होतं. एकजण पत्ते पालथे ठेवून उठतो आणि दुसरा म्हणतो, ‘ही फोल्डेड’, म्हणजे त्याने पत्ते टाकले. मी लिहिलं, ‘तो हरला’. फाइल परत आली, त्या ओळीपुढे संपादकबाईंची टीप होती: ‘हा हरला नाही, उठला.’ पुढच्या भागात तोच माणूस राखून ठेवलेले पैसे घेऊन परत बसतो, आणि माझ्या ओळीमुळे ते येणंच बिनबुडाचं झालं होतं. वाईट याचं वाटलं की शब्द माझ्या घरातच होता. दिवाळीत तीन पत्ती खेळताना माझी मावशी पानं बघायची, शांतपणे ‘पॅक’ म्हणायची आणि रात्री उठताना सगळ्यांत जास्त नाणी तिच्या रुमालात असायची. तिला कुणी हरलेली म्हटलं नसतं.

तेव्हापासून मी एकेक क्रियापद घेऊन बसते. ‘लिक’ घ्या. आपल्याला माहीत असलेला अर्थ चाटणे. पण सोळाव्या शतकापासून इंग्रजीत त्याचा बडवणे असाही अर्थ आहे, त्यातूनच पुढे हरवणे आला. याचा विरुद्धार्थी कोणता?

एप्रिल 1862, अमेरिकेतलं यादवी युद्ध, टेनेसीतलं शायलो. लढाईच्या पहिल्या दिवशी उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेचे फार हाल झाले होते. रात्री पावसात तो एका झाडाखाली उभा होता, तिथे त्याच्या हाताखालचा सेनानी शर्मन आला. तो म्हणाला, आजचा दिवस फार वाईट गेला. ग्रँटने होकार दिला आणि वर एवढंच म्हणाला, लिक देम टुमॉरो, दो. म्हणजे ‘उद्या लोळवू त्यांना’. शर्मनने पुढे सांगितलं की तो माघारीचं बोलायला आला होता, पण ग्रँटला बघून तो शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. या प्रसंगात ‘लिक’चा विरुद्धार्थी शब्द ‘रिट्रीट’ आहे आणि तो बोलला गेलेलाच नाही! दुसऱ्या दिवशी कुमक आली आणि दक्षिणेची फौज कॉरिंथकडे मागे हटली. ती हरली, पण शरण गेली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत डोनल्सनच्या किल्ल्यावर मात्र ग्रँटने बिनशर्त शरणागती मागितली होती आणि ती मिळालीही होती. तिथे समोरचा शब्द ‘सरेंडर’. माणूस तोच आणि वर्षही तेच, पण विरुद्धार्थी दोन. माघार घेतलेली फौज उद्या पुन्हा लढू शकते, शरण आलेली लढू शकत नाही. अनुवादात हे पुसलं गेलं तर प्रेक्षकाला पुढची लढाई कळणारच नाही.

‘लिक’ची आणखी एक गंमत मला फार आवडते. मारणारा ‘लिक’ करतो आणि मार खाणारा ‘टेक अ लिकिंग’. इंग्रजी ‘घेते’, मराठी ‘खाते’. टाइमेक्स घड्याळाच्या जुन्या जाहिरातीची ओळच होती की हे घड्याळ लिकिंग घेतं आणि तरी टिकटिकत राहतं. मार खाल्ला, पण हार नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये मध्यावधी निवडणुकीत पक्षाने प्रतिनिधिगृह गमावल्यावर ओबामांनी आपण ‘शेलॅकिंग’ घेतल्याचं जाहीरपणे कबूल केलं. त्याला ‘सपाटून मार खाल्ला’ याहून नेमकं मराठी मला सुचत नाही. आणि 1611 च्या इंग्रजी बायबलात, बहात्तराव्या स्तोत्रात, राजाचे शत्रू ‘लिक द डस्ट’ करतात, म्हणजे धूळ चाटतात. एकाच क्रियापदात जिंकणारा आणि हरणारा दोघंही बसले आहेत. कर्ता कोण आणि कर्म काय, एवढं बघितल्याशिवाय हा शब्द मराठीत आणायचा नाही.

आपल्या भाषेतही जोडी आपोआप तयार होते असं समजू नका. धूळ चारणे म्हणजे हरवणे, मग धूळ खाणे म्हणजे हरणे? नाही, धूळ कपाटातली फाइल खाते. ‘पाणी पाजलं’ चालतं, पण हरलेला ‘पाणी प्यायला’ म्हटलं तर त्याला फक्त तहान लागली होती असं होतं. चीत करणे–चीत होणे, नमवणे–नमणे या जोड्या सरळ चालतात. ‘हरवणे’ तर विचित्रच आहे: प्रतिस्पर्ध्याला हरवतात आणि छत्रीही हरवते. मी मूळची कोल्हापूरची. लहानपणी वडिलांबरोबर खासबागेत कुस्त्या बघायला जायचे. तांबड्या मातीत पाठ टेकलेल्या पैलवानाला वर आभाळाशिवाय काही दिसत नाही, हे बघितलं तेव्हा ‘अस्मान दाखवणे’ मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कुस्ती निकाली झाली नाही तर बरोबरीत सोडवतात, आणि हरवण्याच्या समोर हे तिसरं उत्तरही असतं. ते विसरू नका.

‘गिव्ह इन’ आणि ‘गिव्ह अप’ यांत माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी अडखळतात. पहिल्यात समोर कुणीतरी असतं आणि त्याच्यापुढे आपण नमतं घेतो. दुसऱ्यात समोर कुणी असायलाच हवं असं नाही. कोडं सुटत नाही म्हणूनही हात टेकता येतात. ‘थ्रो’ त्याहून वेगळं, मुद्दाम हरणं. 1919 च्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन सामने ‘थ्रो’ केल्याच्या प्रकरणात शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली. त्याला ‘हरले’ लिहिणं चूकच, ‘सामना सोडला’ किंवा ‘विकला’ लिहावं लागतं.

गेमिंगमधून आलेल्यांना ‘पोन’ ठाऊक असतो, म्हणजे समोरच्याला पुरतं लोळवणे. कीबोर्डवर ओ आणि पी शेजारी असल्यामुळे ‘ओन’चा तो झाला असं सांगतात. त्याच्या समोर मी ‘जीजी’ लिहीन. गुड गेमची ही दोन अक्षरं, पण हरणाऱ्याने टाइप केली की डाव सोडल्याचं समजतात.

परीक्षेसाठी इंग्रजी करणाऱ्यांना एकच सांगते. आपल्याकडे ‘वुई वन ऑस्ट्रेलिया’ असं सर्रास लिहिलं जातं. ‘विन’ सामन्याला लागतं, माणसाला किंवा संघाला ‘बीट’. आणि हरताना ‘लूज’च्या पुढे ‘टू’ येतं. पर्यायांतून विरुद्धार्थी निवडतानाही कोण कुणाला काय करतंय ते आधी बघा.

मी एक वही ठेवते. 1852 साली रॉजे नावाच्या डॉक्टरने आपल्या शब्दकोशात परस्परविरोधी कल्पना शेजारी-शेजारी दोन स्तंभांत छापल्या, तिथून ही कल्पना घेतली. माझ्या वहीत मात्र उजवीकडे एक शब्द नसतो, वाक्यं असतात, आणि प्रत्येक वाक्याखाली दोन प्रश्न: हा स्वतःहून थांबला की याला थांबवलं? याच्याकडे काय उरलं? मावशीच्या ‘पॅक’खाली लिहिलंय: ‘स्वतःहून. जवळजवळ सगळं.’ डोनल्सनखाली: ‘थांबवलं. काही नाही.’ शायलोखाली मी बराच काळ काही लिहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात लिहिलं: ‘थांबवलं. फौज उरली.’