कॉइलओव्हरवर मागची उंची बदलताय? या चुका टाळा

कॉइलओव्हर म्हणजे आट्यांवरची रिंग फिरवून गाडीची उंची बदलता येते असा स्प्रिंग आणि शॉकचा (शॉक अब्सॉर्बरचा) संच. त्यात मागची उंची बिघडते ती बहुतेक वेळा चाक लटकत असताना केलेल्या कामामुळे. तेव्हा घेतलेलं माप खोटं निघतं आणि तेव्हा आवळलेला बोल्ट पुढे त्रास देतो.

माप जमिनीपासून घेतलं की टायरची हवा आणि झीजही त्यात मोजली जाते. म्हणून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. जमीन सपाट, टायरमध्ये ठरलेली हवा आणि डिकी रिकामी हवी. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. टायर जमिनीला धरून राहतात, बाहेर सरकत नाहीत, त्यामुळे गाडी उंच दिसते. काही मीटर पुढे-मागे ढकला, मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा आणि मगच टेप लावा.

एकच मागचं चाक उचलणंही टाळा, कारण अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा दांडा) आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला, ओढून धरतो. दोन्ही बाजू एकदम उचलून जॅक स्टँडवर टेकवा आणि पुढच्या चाकांना अडण्या लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर ती हवेत असताना त्याचा उपयोग नाही.

रिंग फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करा आणि दोन्ही बाजूंचे उघडे आटे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतील, तर स्प्रिंग सहसा आर्मवर चाकापेक्षा आत बसते. चाकाच्या तुलनेत स्प्रिंग किती हलते, हे प्रमाण 0.6 असेल, तर रिंग 10 मिमी हलवल्यावर गाडी सुमारे 17 मिमी हलते. त्यामुळे 5 मिमीच्या टप्प्याने जा. अशा गाडीत फक्त स्प्रिंगची रिंग खाली घेऊन थांबू नका. शॉकची लांबी तीच राहिली तर तो बंप स्टॉपवर (शॉक पूर्ण दबू न देणाऱ्या अडणीवर) लवकर आदळतो आणि चाक लटकलं की स्प्रिंग सैल होते. शॉकच्या खालच्या ब्रॅकेटला आटे असतील तर तोही आखूड करा. ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे हवेत, ही निर्मात्याची मर्यादा मात्र कधीच ओलांडू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या रबरी बुशकडे. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी घट्ट धरली जाते आणि आर्म हलला की रबर पिळलं जातं. आर्म लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं आणि जादा स्प्रिंगसारखं गाडीला उचलून धरतं. मग ‘अजून उंच आहे’ म्हणून रिंग आणखी खाली घेतली जाते. पुढे रबर फाटलं की गाडी नको तितकी बसते. म्हणून उंची ठरल्यावर हे बोल्ट सैल करा, चाकांवर पूर्ण भार येऊ द्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

डाव्या-उजव्या बाजूतला 2-3 मिमीचा फरक मिटवण्यासाठी एकच रिंग फिरवत बसू नका. फेंडरच मुळात तेवढे वेगळे असू शकतात. शिवाय मागचा एक कोपरा वर घेतला की त्याच्यावर आणि तिरक्या समोरच्या चाकावर भार वाढतो.

शेवटी टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलीत) आणि कॅम्बर (समोरून पाहता ती किती कललीत) तपासा, हेडलाइटचा झोत पुन्हा लावा. जुन्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह आर्मला जोडलेला असेल, तर तोही सेट करून घ्या.

खड्ड्यात टक-टक वाजलं, तर आधी लॉक रिंग (उंचीची रिंग जागेवर धरणारी) बघा, मग चाक लटकवून स्प्रिंग हाताने हलते का ते पाहा, त्यानंतर वरच्या माउंटचा नट तपासा.