अडकलेला दोन हजारांचा हप्ता कसा शोधावा

टाळेबंदी लागल्यावर दोनच दिवसांत, 26 मार्च 2020 रोजी, केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यानुसार पीएम किसान या शेतकऱ्यांसाठीच्या केंद्रीय योजनेचा 2,000 रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देण्यात आला आणि महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये जमा झाले. मोंढे बंद, कापूस घरात पडून, अशा दिवसांत मराठवाड्यातील अनेक घरांचा किराणा याच पैशांवर भागला. म्हणूनच हा हप्ता अडकला तर तो सोडून देऊ नये.

प्रथम पीएम किसानच्या संकेतस्थळावर स्वतःची स्थिती पाहावी. त्यासाठी नोंदणी क्रमांक लागतो. तो हरवला असल्यास मोबाईल किंवा आधार क्रमांकावरून तेथेच मिळतो. स्थितीमध्ये ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळख पडताळणी), जमिनीची नोंद आणि आधार-बँक जोडणी या तीन बाबी दिसतात. त्यांपैकी ज्या बाबीपुढे नकार असेल, तेवढेच काम घेऊन बाहेर पडावे. सगळी कागदपत्रे घेऊन दिवसभर रांगेत उभे राहण्याची गरज नसते.

सर्वांत जास्त घोळ बँक जोडणीत होतो. पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असे आपण धरून चालतो, परंतु आधारावर आधारित रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच जाते आणि असे खाते एका वेळी एकच असते. आमच्या शेजारच्या काकू दोन हप्ते आले नाहीत म्हणून बँकेत हेलपाटे घालत होत्या. शेवटी पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, लुगड्याखाली, रोजगार हमीच्या वेळी काढलेल्या खात्याचे पासबुक सापडले. ते भरून आणले तेव्हा दोन्ही हप्ते त्यात शाबूत होते. कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर, मोबाईलवर येणारा ओटीपी टाकून, पाहता येते. तेथे फक्त बँकेचे नाव दिसते, खाते क्रमांक दिसत नाही, म्हणून घरातील जुनी पासबुके जपून ठेवावीत. खाते बदलायचे असल्यास हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

ई-केवायसी ओटीपीने घरीच होते, मात्र आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असावा लागतो. बीड, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे सिमकार्ड अनेकदा बदलते. त्यांनी हे काम गाव सोडण्यापूर्वीच उरकावे. सेवा केंद्रात अंगठा लावूनही ई-केवायसी होते, पण कापूस वेचून आणि खुरपणी करून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र सहज घेत नाही. अशा वेळी हात धुऊन कोरडे करून दुसरे बोट लावून पाहावे. तरीही जमले नाही तर पीएम किसानच्या ॲपमधून चेहऱ्याद्वारे पडताळणी करता येते.

जमिनीची नोंद अपूर्ण दाखवत असल्यास अलीकडचा सातबारा, आठ-अ आणि आधारची प्रत घेऊन तहसील कार्यालयात जावे. या योजनेसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख महत्त्वाची आहे: त्यानंतर खरेदी केलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, वारसाने आलेल्या जमिनीचा विचार होतो. खातेदार वारल्यास त्यांच्या नावाचे हप्ते घेत राहू नये, कारण ती रक्कम शासन परत मागू शकते. वारसांनी फेरफार करून घेऊन पात्र व्यक्तीच्या नावे नवीन नोंदणी करावी. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले हे एकच कुटुंब धरले जात असल्याने घरात दोन अर्ज करू नयेत.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला 6,000 रुपये पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच मिळतात. त्यामुळे येथील एक चूक दोन्ही योजनांचे पैसे अडवते. सर्व दुरुस्त्या होऊनही रक्कम आली नाही, तर 155261 या मदत क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा.